परतबोल

नाना समोर जमिनीवर उभे असले, हातात चहाचा कप असला, तरी धक्क्यावरची माणसं त्यांना हाक मारताना मान वर करत. सवयच तशी पडली होती. नाना म्हणजे वर. क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये, जिथून हमाल वाटाण्याएवढे दिसतात आणि साहेबलोकही वाटाण्याएवढेच दिसतात. उभं आयुष्य त्यांनी तिथे काढलं. खाली यायचं ते जेवायला आणि झोपायला, तेही कंपनीच्याच क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीतून दिसणारं क्रेनचं टोक. बायको कपडे वाळत घालताना त्या टोकाकडे बघून सांगायची, "हललं. म्हणजे कामाला लागले."

मग धक्का विकला गेला. नवी कंपनी आली, नवे गणवेश आले, पाण्याच्या टाकीला नवा रंग आला. जुन्या माणसांना वाटलं, रंगरंगोटीवर भागलं. पण थोड्याच दिवसांत फाटकाजवळ सूचना लागली. क्रेन चालवणाऱ्या आणि खालून इशारे देणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजीची परीक्षा द्यायची. लेखी आणि तोंडी. पास होईल तो राहील. नापास होईल त्याने काम सोडायचं आणि महिन्याभरात क्वार्टरही सोडायचं.

"म्हणजे जहाजातली पेटी उचलायला आता इंग्रजी लागणार," शिट्टी म्हणाला. "पेटीला कळतं का इंग्रजी?"

शिट्टी हा नानांचा खालचा माणूस. पेटीला क्रेनचे आकडे लागले की नाही ते बघायचं आणि वर सांगायचं, हे त्याचं काम. पूर्वी तो आधी शिट्टी फुंकायचा आणि मग ओरडून इशारे द्यायचा. पुढे गळ्यात वॉकीटॉकी आला, शिट्टी गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नानांपेक्षा तो दहाबारा वर्षांनी लहान. दोघं दिवसभर एकमेकांच्या कानात असत, आणि तोंडं बघायची वेळ फक्त जेवणाच्या सुट्टीत येई.

"शिकवणी लाव," नाना म्हणाले. "मी लावतोय."

"या वयात ए फॉर ॲपल?"

"ए बी सी येते मला. पेट्यांवरचं वाचतो की."

"लावा लावा. पास झालात तर साहेबाशी बोला, नापास झालात तर वहिनींशी बोला. मला नको शिकवणी. आपलं तोंड चालतं, तेवढं बस झालं."

तोंड चालायचं हे खरं. धक्क्यावर कुणाचं तोंड कसं चालावं याला मात्र एक रीत होती, आणि ती त्या धक्क्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. तिला म्हणत परतबोल. खालून शिट्टी म्हणणार, "निळी पेटी, वर." वरून नाना तेच म्हणणार, "निळी पेटी, वर." मग शिट्टी म्हणणार, "हं." त्या 'हं' नंतरच नानांचा हात दांड्यावर हलणार. डावीकडे असो, खाली असो, थांब असो, जे कानात आलं ते आधी जसंच्या तसं तोंडाने परत करायचं. नानांना ज्या म्हाताऱ्याने क्रेन शिकवली, तो सुरुवातीला त्यांना दांड्याला हातच लावू देत नव्हता. पावसाळाभर नुसतं बोलायला लावलं. "हाताच्या आधी जीभ," तो म्हणायचा. "ऐकलेलं कानात ठेवशील तर कुणाला तरी मारशील." त्याच्या आधी कधीतरी, कुणीतरी, चुकीची पेटी उचलली होती म्हणे. कोण मेलं ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं, पण रीत राहिली होती. नानांच्या हातून एवढ्या वर्षांत कुणाचं नख मोडलं नाही, ते त्या रीतीमुळे. त्यांना स्वतःला ती रीत आहे हेही आठवत नसे, जसं जिना चढताना आधी कुठला पाय टाकतो ते आठवत नाही.

शिकवणी टाइपबाईंकडे होती. बाई जुन्या कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. साहेबांची पत्रं टाइप करता करता साहेबांच्या चुका मुकाट्याने दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. आता धक्क्यामागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत त्या एकट्या राहत. फळा नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला काळा रंग मारून घेतला होता आणि त्यावर खडूने लिहीत. मधेच कुणी आलं की दार उघडावं लागे आणि वाक्य जिन्याकडे तोंड करून उभं राही.

"परीक्षेत सगळा भर एकाच गोष्टीवर आहे," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कंपनीने दिलेला नमुन्याचा पेपर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला होता. "यांना रिपोर्ट हवेत. रिपोर्टात एकाच वाक्यात पेटी, माणूस आणि झालेला घोटाळा, तिन्ही बसले पाहिजेत. म्हणजे विशेषण-उपवाक्य. नावाच्या शेपटीला बांधलेलं छोटं वाक्य. कुठली पेटी? जी गंजली होती ती. कुठला माणूस? ज्याने इशारा दिला तो. कळलं?"

"कळलं."

"मग हे दोन जोडून दाखवा. 'द मॅन केम. ही गेव्ह द सिग्नल.'"

नानांनी बराच विचार केला. "द मॅन हू ही गेव्ह द सिग्नल केम."

"हा 'ही' कुठून उपटला?"

"तोच माणूस, बाई. इशारा देणारा."

"तो 'हू' मध्ये आहे ना. 'हू' म्हणजे तोच, वेष बदलून आलेला. पुन्हा 'ही' कशाला? एका खुर्चीवर दोघं बसवताय तुम्ही."

"आपल्यात बसतात की. जो माणूस आला, तो माणूस. 'जो' आला की मागून 'तो' आलाच पाहिजे. नाहीतर वाक्य लंगडं वाटतं."

बाईंना हसू आलं. "आपल्यात ते नवराबायकोसारखे जोडीने हिंडतात. तिकडे 'हू' ब्रह्मचारी आहे. हू आला की ही गेला. लिहून ठेवू नका, पाठ करा."

नानांनी पाठ केलं. पण पाठ करणं वेगळं आणि जिभेला पटणं वेगळं. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली नाही तर ती पोचली कशी असं मानायचं, हेच त्यांना उमगत नव्हतं. वहीत पानामागून पान लाल होऊ लागलं. 'द बॉक्स विच इट वॉज ब्लू.' 'द रोप दॅट इट ब्रोक.' बाई प्रत्येक 'इट' भोवती लाल गोल काढत आणि म्हणत, "हा बघा, पुन्हा फुकट बसलाय."

दुसरी पंचाईत क्रेनची झाली. नानांनी लिहिलं, 'द क्रेन हू आय ड्राइव्ह इज ओल्ड.'

"क्रेन वस्तू आहे, नाना. माणसाला 'हू', वस्तूला 'विच'."

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तिला 'हू' म्हटलं तर मार्क जातील?"

"जातील."

"मग विच लिहा."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये चढताना शिडीच्या गार लोखंडाला हात लागला आणि त्यांना उगीचच ओशाळल्यासारखं झालं. कुणी ऐकलं नव्हतं, तरीही.

एक गोष्ट मात्र त्यांना चटकन जमली. त्यांनी लिहिलं होतं, 'द बॉक्स फेल ऑन द मॅन विच वॉज एम्प्टी.' बाईंनी विचारलं, "रिकामा कोण, माणूस का पेटी?"

"पेटी."

"मग शेपूट माणसाला का बांधलंत? ज्याचं त्याच्या शेजारी ठेवा."

"म्हणजे आकडा ज्या पेटीचा त्याच पेटीत. शेजारच्या पेटीत अडकवला तर दोन्ही जाणार."

"तसंच समजा," बाई म्हणाल्या. ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

स्वल्पविरामाचा धडा आला तेव्हा बाईंनी दारावर लिहिलं, 'माय सन हू लिव्ह्ज अब्रॉड.' म्हणाल्या, "स्वल्पविराम दिला नाही, म्हणजे मला आणखी मुलगे आहेत, त्यांतला परदेशातला कोणता ते सांगतेय. 'सन' नंतर स्वल्पविराम दिला, की मुलगा एकच, आणि तो परदेशात राहतो ही आपली जादा माहिती."

"आणि मुलगाच नसला तर?" नानांनी सहज विचारलं.

"मग वाक्यच नाही," बाई म्हणाल्या आणि दार पुसून टाकलं. "पुढे चला."

घरी बायको काही विचारत नसे. तिचं न विचारणंच नानांना जास्त ऐकू येई. दरवर्षी या दिवसांत ती स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना काढायची. या वर्षी बादली बाहेर काढली, भिंतीकडे पाहिलं, आणि बादली परत ठेवून दिली. भिंतीला खिळा मारायचा होता, तोही राहिला. एकदाच ती म्हणाली, "माझ्या भावाकडे मागची खोली मोकळी आहे म्हणे."

"कुणी विचारलं त्याला?"

"मी नाही विचारलं. तो आपणहून म्हणाला."

"त्याला म्हणावं, खोलीत कोंबड्या ठेव. मी पास होणार आहे."

"अहो, व्हा ना. मी काय नको म्हणतेय?" ती म्हणाली आणि भाकरी उलटताना तिचा हात भाजला. हात भाजला की एरवी ती आधी नानांवर आणि मग तव्यावर ओरडायची. या वेळी नुसता पाण्याखाली धरला.

नानांनी जिवाचा आटापिटा केला. दोन पेट्यांच्या मधल्या वेळात ते केबिनच्या काचेवरच्या धुळीत बोटाने वाक्यं लिहीत आणि फडक्याने पुसत. हळूहळू लाल गोल कमी झाले. बाई त्यांना समोर बसवून तोंडी प्रश्न विचारत. 'विच टूल डू यू यूज मोस्ट?' नाना बाईंच्या तोंडाकडे बघत, श्वास घेत आणि उत्तर देत. सावकाश देत, खडे वेचल्यासारखे शब्द वेचत, पण देत. 'द टूल विच आय यूज मोस्ट इज माय इअर.' बाईंनी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं, त्यांना इतकं आवडलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "आता मला काही काढता येत नाही यातून. घाबरू नका म्हणजे झालं."

त्या रात्री नानांनी बायकोला सांगितलं, चुना काढ म्हणून. तिने "बघू" म्हटलं.

परीक्षा नव्या इमारतीत होती. सकाळी लेखी झाली. पेपर हातात पडला आणि वाक्यं ओळखीची निघाली. दोन-दोन वाक्यं दिलेली, जोडायची. त्यांनी एकेक जोडलं, प्रत्येक 'हू' च्या मागे कुणी लपून बसलाय का ते बोट ठेवून पाहिलं, आणि वेळेच्या आधी पेपर ठेवला. बाहेर शिट्टी भिंतीला टेकून उभा होता.

"कसा गेला?"

"बरा गेला," नाना म्हणाले. त्यांच्यासारखा माणूस 'बरा' म्हणाला म्हणजे छान.

"मी बाबा हू, विच, दॅट आलटून पालटून टाकले. एखादा तरी बसेल आपल्या जागेवर."

दुपारी तोंडी होती. नानांना वाटलं होतं, बाईंसारखं कुणीतरी समोर बसेल. पण आत ओळीने छोट्या छोट्या खोल्या केलेल्या होत्या. प्रत्येकीत एक खुर्ची, समोर काच, आणि टेबलावर कानाला लावायचं यंत्र, तोंडापुढे येणारी दांडी असलेलं. परीक्षक कुठे बसला होता देव जाणे. एका मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं, यंत्र डोक्यावर चढवलं आणि दार लावून घेतलं.

नाना खुर्चीत बसले. समोर काच. कानात खरखर. हात आपोआप टेबलाच्या दोन बाजूंना गेले, दांडे असतात तिथे.

कानात बाईमाणसाचा आवाज आला. अगदी स्वच्छ. "टेल मी अबाउट द पर्सन हू टॉट यू युअर वर्क."

"टेल मी अबाउट द पर्सन हू टॉट यू युअर वर्क," नाना म्हणाले. स्पष्ट, सावकाश, एकही अक्षर न गाळता. आणि 'हं' ची वाट पाहत थांबले.

'हं' आला नाही. कानात थोडा वेळ शांतता राहिली. मग आवाजाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू.

नानांनी तो पुन्हा परत केला, जरा हळू.

कुठेतरी टिंग वाजलं. दुसरा प्रश्न आला. "डिस्क्राइब अ प्लेस विच यू नो वेल." नानांच्या तोंडून तो जसाच्या तसा बाहेर पडला, आणि पडता पडता त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. उत्तर डोक्यात तयार होतं. क्रेन, धक्का, पाणी, सगळं 'विच' लावून तयार. पण खालून 'हं' आल्याशिवाय ते हलेना. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले. प्रश्न परत न करता उत्तराला जावं तर जीभ उचलेना, जणू आकडे लागलेत की नाही ते न कळता कुणी पेटी उचलायला सांगतंय. त्या गप्प राहण्यात वेळ संपला. टिंग वाजलं. चौथा प्रश्न आला, आणि दाबलेले ओठ सुटून प्रश्नच बाहेर पडला.

शेवटच्या प्रश्नाला ते कसेबसे बोलले. आधी प्रश्न परत केला, आणि मग स्वतःच स्वतःला "हं" म्हणून उत्तर सुरू केलं. 'द मॅन हू' एवढं झालं आणि टिंग वाजलं.

बाहेर शिट्टी खुशीत होता. "सोपं होतं हो! ती बोलली, मी बोललो. ती गप्प झाली, मी बोलतच राहिलो. शेवटी तीच थँक्यू म्हणाली. तुमचं?"

"झालं," नाना म्हणाले.

शिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. आयुष्यभर आधी बोलायचं काम त्याचं होतं आणि मागून बोलायचं नानांचं. यात कुणाचा दोष नव्हता.

निकाल लागला. शिट्टी लेखीत काठावर आणि तोंडीत झकास पास. नाना लेखीत चांगले पास, तोंडीत नापास. टाइपबाईंचा विश्वास बसेना. "हे होणारच नाही," त्या म्हणाल्या. "काहीतरी अदलाबदल झालीय. चला माझ्याबरोबर." नानांनी खोलीत काय झालं ते त्यांना सांगितलं नव्हतं. कसं सांगावं ते सुचलं नव्हतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, न जाणो, खरंच अदलाबदल झाली असली तर.

ऑफिसातला साहेब तरुण होता आणि वागायला चांगला होता. त्याने दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. बाईंनी नानांची वही टेबलावर ठेवली आणि वकिलासारख्या बोलल्या. साहेबाने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, शंका नको राहायला," तो म्हणाला. "सगळं टेप केलेलं असतं. तुम्हीच ऐका."

त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. खोलीत त्या बाईमाणसाचा आवाज आला, आणि मागून नानांचा.

नानांनी स्वतःचा कामावरचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो असा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. म्हातारा, सपाट, कशाचाही थांग न लागलेला. प्रश्न यायचा आणि तो म्हातारा प्रश्नच परत द्यायचा. मग नुसता श्वास. पुन्हा प्रश्न, पुन्हा तोच. परका माणूस म्हणून ऐकलं असतं तर नानांनीही याला नापास केलं असतं.

बाईंनी तिसऱ्या प्रश्नापर्यंत ऐकलं. "पण शब्द बघा ना," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. "एक शब्द चुकलेला नाही. कळल्याशिवाय असं म्हणता येतं का?"

"पोपटालाही म्हणता येतं, बाई," साहेब म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. "माफ करा. मला तसं नव्हतं म्हणायचं."

"साहेब," नाना म्हणाले, "आम्ही वर असंच बोलतो. खालून आलेलं आधी परत करायचं. मग हात हलवायचा. ते सुटलं नाही माझ्याकडून, एवढंच. उत्तर येत होतं मला."

साहेबाने मान डोलावली. त्याला खरंच समजलं होतं, आणि तेच वाईट होतं. "असेल. मी नाही म्हणत नाही. पण काका, पुढच्या महिन्यापासून केबिनमध्ये दिवे येतायत. हिरवा लागला की उचलायचं, लाल लागला की थांबायचं. खालून कुणी बोलणारच नाही. इंग्रजी फक्त रिपोर्टापुरतं आणि जहाजवाल्यांशी बोलायला. त्यात जर असं झालं..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

"पुन्हा बसता येईल का परीक्षेला?" बाईंनी विचारलं.

"पंचेचाळीसच्या आतल्यांना येतं."

पाणी आलं होतं ते नानांनी प्यायलं. फुकट जायला नको म्हणून.

बाहेर पडल्यावर बाई फाटकापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला समोर बसवून विचारत राहिले. पाठीमागून एकदा तरी विचारायला हवं होतं. वर तुम्ही कसे बोलता ते विचारायचंच राहिलं. वाक्यं तपासत बसले मी."

"तुम्ही शिकवलेलं सगळं आलं, बाई. लेखीत आलं."

"काय करायचं त्या लेखीला," बाई म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. वही नानांच्याच हातात राहिली. ती घेऊन शिकवणीला पुढे कधी जाणं झालं नाही.

नानांनी केबिन सोडली त्या दिवशी समारंभ वगैरे काही झाला नाही. बसायची उशी, पाण्याची बाटली आणि काच पुसायचं फडकं एवढंच त्यांचं होतं. फडकं त्यांनी तिथेच ठेवलं, पुढच्याला लागेल म्हणून.

क्वार्टर सोडायचा दिवस आला. मेव्हण्याने हातगाडी पाठवली होती, आणि शिट्टी सुट्टी टाकून आला होता. त्याला धड बोलताही येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. तो नुसता भांड्यांच्या गोण्या खांद्यावर घेऊन जिन्याने खालीवर करत होता. खाली रस्त्यावर नव्या माणसाचा टेम्पोही येऊन लागला होता. नवा माणूस तरुण, हसतमुख, त्याची बायको पोटुशी. ती टेम्पोच्या पायरीवर बसून वर गॅलरीकडे पाहत होती.

गाद्या गेल्या, ट्रंका गेल्या. राहिलं ते लाकडी कपाट. नाना वरच्या बाजूने आणि शिट्टी खालच्या बाजूने, असं धरून त्यांनी ते दाराबाहेर काढलं आणि जिन्याच्या वळणावर ते अडकलं.

"जरा तिरपं घ्या, नाना."

"तिरपंच आहे."

"मग उभं करा."

उभं केलं तर छताला लागलं. आडवं केलं तर कठड्याला लागलं. बायको वरून म्हणाली, "अहो, आलं होतं ना याच जिन्याने? मग जायला काय धाड भरलीय?"

"आलं तेव्हा कठडा नव्हता," नाना म्हणाले. त्यांना आत्ता आठवलं. "कंपनीने कठडा मागाहून बसवला."

"गॅलरीतून क्रेनने एका मिनिटात..." शिट्टी बोलून गेला आणि जीभ चावली. दोघंही कपाटाच्या दोन टोकांना तसेच उभे राहिले. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून जहाजंच्या जहाजं रिकामी केली होती. एक कपाट जिन्यात धरून ते घामाघूम झाले होते, आणि खालून नवा माणूस विचारत होता, "मदत करू का?"

"नको," नाना म्हणाले. "वर घेतो परत."

त्यांनी कपाट मागे ओढलं आणि रिकाम्या खोलीत, होतं त्याच जागी नेऊन ठेवलं. भिंतीवर त्याच्या मापाचा उजळ चौकोन होता, त्यात ते बरोब्बर बसलं. भिंतीला चुना काढलेला नव्हताच. नवी बाई हळूहळू जिना चढून दारात आली होती. धापा टाकत तिने कपाटाकडे पाहिलं.

"राहू द्या ना," ती संकोचून म्हणाली. "आमच्याकडे नाहीच आहे. आम्ही नीट वापरू."

नाना शिट्टीबरोबर खाली उतरले आणि गाडीवरच्या गोण्यांना दोर आवळू लागले. दोर चांगला आवळला होता, तरी पुन्हा सोडून आवळला. वर गॅलरीचं दार उघडं होतं, त्यामुळे बायकोचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. ती त्या बाईला किल्ली देत होती.

"आणि हे बघा," ती सांगत होती, "मधला खण अडकतो. ओरबाडू नका. थोडा उचलून ओढलात की येतो."